सत्तर वाव पाण्याखालून आलेला आवाज

पाण्याखाली काम करणाऱ्या माणसाच्या इतिहासात श्वासाच्या प्रश्नाला जेवढी पाने मिळाली आहेत, तेवढी आवाजाच्या प्रश्नाला मिळालेली नाहीत. शिरस्त्राणे, हवेचे पंप, रबरी पोशाख आणि दाबाची कोष्टके यांची हकिकत बहुतेक ग्रंथांत सविस्तर येते. परंतु खाली उतरलेल्या माणसाने वरच्या माणसाशी बोलावे कसे, हा प्रश्न एखाद्या तळटीपेत उरकला जातो. मुंबईकडे निघालेला आणि वाटेतच अटलांटिकच्या तळाशी गेलेला सोन्याचा एक मोठा साठा १९३२ पासून ज्या रीतीने वर काढण्यात आला, ती रीत पाहिली म्हणजे ही उपेक्षा किती अन्यायाची आहे ते ध्यानात येते. त्या कामात पाणबुड्याचे हात पोलादी भिंतीआड बंद होते, त्याला खाली एका खिळ्यालाही स्पर्श करता येत नव्हता, आणि तरीही जहाजाचे चार मजले फोडून एका अरुंद खोलीतल्या लगडी उचलण्याचे काम त्याने डोळ्यांच्या आणि टेलिफोनच्या तारेतून वर जाणाऱ्या आपल्या आवाजाच्या बळावर पार पाडले.

ते जहाज होते पी. अँड ओ. कंपनीचे ‘ईजिप्त’. १८९७ साली स्कॉटलंडमधील ग्रीनॉक येथे बांधलेले, सुमारे आठ हजार टनांचे हे जहाज विलायत आणि मुंबई यांच्यामधल्या टपाल व प्रवासी वाहतुकीत मुरलेले होते. १९ मे १९२२ रोजी ते लंडनजवळच्या टिलबरी बंदरातून मुंबईसाठी सुटले, तेव्हा त्यावर उतारू तुलनेने थोडे आणि खलाशी व नोकरवर्ग मिळून सुमारे तीनशे माणसे होती. पी. अँड ओ.च्या जहाजांवर डेकवरचे खलाशी मुख्यतः पश्चिम किनाऱ्यावरचे, त्यांत कोकणातले मुसलमान पुष्कळ, इंजिनखोलीत पंजाबकडची माणसे आणि खानपानाच्या खात्यात गोव्याचे ख्रिस्ती, अशी विभागणी त्या काळी ठरून गेलेली होती. त्यामुळे या जहाजाचे सुखदुःख रत्नागिरी आणि गोवा या भागांतल्या घरांशी थेट जोडलेले होते, ही गोष्ट इंग्रजी वृत्तांतांत सहसा येत नाही.

जहाजाच्या पोटात एका खास कोठडीत सोन्याच्या हजाराहून अधिक लगडी, चांदीच्या बाराशेच्या वर विटा आणि दीड लाखाहून अधिक सॉव्हरिन, म्हणजे एक पौंड दर्शनी किमतीची सोन्याची नाणी, ठेवलेली होती. त्या वेळच्या हिशेबाने या साऱ्याची किंमत दहा लाख पौंडांहून थोडी अधिक भरत होती. हिंदुस्थान हा त्या काळी मौल्यवान धातूंचा मोठा खरेदीदार होता. कापूस, ताग, गळिताची धान्ये यांच्या निर्यातीतून जे येणे निघे, त्याचा बराच भाग सोन्याचांदीच्या रूपाने मुंबईच्या बाजारात उतरे आणि तेथून पेढ्यांमार्फत देशभरच्या सराफांकडे जाई. याच कोठडीत आणखी एक माल होता, जो मराठी वाचकाला अधिक जवळचा वाटावा. निजामाच्या हैदराबाद संस्थानाने १९१८ पासून कागदी चलन सुरू केले होते, त्या नोटा लंडनला छापून येत आणि त्यांच्यावर उर्दूबरोबर तेलुगू, कन्नड व मराठी या संस्थानातील भाषांतही मूल्य लिहिलेले असे. चलनात न आलेल्या अशा नोटांचे गठ्ठे सोन्याच्या शेजारीच रचलेले होते.

२० मेच्या संध्याकाळी, सात वाजण्याच्या सुमारास, फ्रान्सच्या पश्चिम टोकाला उशाँ बेटाच्या दक्षिणेकडील समुद्रात दाट धुके पसरले असताना ‘सेन’ नावाची फ्रेंच मालवाहू बोट ‘ईजिप्त’च्या डाव्या कुशीवर येऊन आदळली. बाल्टिक समुद्रातले बर्फ फोडता यावे म्हणून ‘सेन’चा पुढचा भाग मुद्दाम भक्कम केलेला होता, आणि त्यामुळे तिने केलेली जखम जबर ठरली. वीस मिनिटांच्या आत ‘ईजिप्त’ बुडाले आणि ८६ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत बहुसंख्य जहाजावरची नोकरमाणसे होती. नंतर लंडनच्या काही वर्तमानपत्रांनी हिंदी खलाशांनी नावांवर झुंबड केल्याचा गाजावाजा केला. तथापि अधिकृत चौकशीत नावा सोडण्याची कवायत नीट घेतली गेली नव्हती, हा ठपका अधिकाऱ्यांवर आला आणि कप्तानाचा परवाना काही काळासाठी निलंबित झाला. ज्यांना संकटात काय करायचे ते कधी शिकवलेच नाही, त्यांच्या माथी घबराटीचा दोष मारणे सोपे होते, एवढेच या प्रकरणी म्हणता येते.

लॉइड्सच्या विमेकऱ्यांनी सोन्याची भरपाई चुकती केली आणि त्याबरोबर बुडालेल्या सोन्याची मालकी त्यांच्याकडे आली. ती नावापुरतीच होती, कारण सोने जेथे होते तेथे पोहोचण्याचे साधन कोणापाशीच नव्हते. समुद्राची खोली मोजण्याचे जुने माप वाव, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारे अंतर, सुमारे सहा फूट. ‘ईजिप्त’ सत्तर वावांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ १३० मीटर पाण्याखाली पडले होते. तेवढ्या खोलीवर पाण्याचा भार दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १३ किलो असतो. रबरी पोशाख आणि तांब्याचे शिरस्त्राण घातलेल्या पाणबुड्याला भोवतालच्या दाबाइतक्याच दाबाची हवा वरून पुरवावी लागते. परंतु दाबाखाली हवेतला नायट्रोजन शरीरात मुरतो, खोलीवर तो दारूसारखी गुंगी आणतो, आणि वर येताना घाई झाली तर त्याचे रक्तात बुडबुडे होऊन सांधे जखडतात किंवा जीवच जातो. स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन याने १९०७-०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची जी कोष्टके तयार केली, ती साधारण साठ-पासष्ट मीटरपर्यंतचीच होती. आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्याजवळ १९१७ साली बुडालेल्या ‘लॉरेंटिक’ या ब्रिटिश युद्धकालीन जहाजातून नौदलाच्या पाणबुड्यांनी सात वर्षे खपून ३,२११ पैकी ३,१८६ लगडी काढल्या, ती खोली चाळीस मीटरच्या आसपास होती आणि तेथे माणसे हातांनी चाचपून लगडी उचलत होती. ‘ईजिप्त’ची खोली त्याच्या तिप्पट होती. तेथे हात पोहोचणे शक्य नव्हते, आणि म्हणून आवाज पोहोचवणे भाग पडले.

पाण्याखालून बोलण्याची अडचण कोठे आहे, हे येथे थोडे उलगडून सांगणे आवश्यक आहे. पाणी आवाजाला अडवते असा सर्वसाधारण समज आहे, पण वस्तुस्थिती उलट आहे. जाँ-दानिएल कोलादों आणि शार्ल स्तुर्म यांनी १८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरात एका नावेखाली घंटा बुडवून वाजवली व तेरा किलोमीटरहून अधिक अंतरावर, पाण्यात बुडवलेल्या कर्ण्याला कान लावून, तिचा नाद ऐकला. त्यांच्या मोजणीने ८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला १,४३५ मीटर, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक निघाला. पाणी ध्वनीचे उत्तम वाहक आहे. अडचण सीमेवर आहे. हवेतून पाण्यात किंवा पाण्यातून हवेत जाताना ध्वनीची जवळजवळ सारी शक्ती पृष्ठभागावरून परत फिरते आणि हजारातला एखादाच अंश पलीकडे जातो, त्यामुळे शिरस्त्राणातल्या हवेत माणूस कितीही ओरडला तरी त्याचा आवाज बाहेरच्या पाण्यात नीट उतरत नाही. माणसाच्या घशातले स्वरतंतू हवेवर चालतात, त्याचा कानही हवेसाठी घडलेला आहे. शिवाय पाण्यात ध्वनी दोन्ही कानांवर जवळजवळ एकाच क्षणी येऊन पोहोचत असल्याने तो कोणत्या दिशेने आला हेही उमगत नाही.

या अडचणीवर पहिला उपाय दोराचा निघाला. ऑगस्टस सीबे याने १८३०च्या दशकात बंद पोशाख सिद्ध केल्यापासून पाणबुड्याच्या कमरेचा जीवनदोर हीच त्याची वाणी होती. एक ओढ म्हणजे ठीक आहे ना, चार ओढी म्हणजे वर घे, अशा मोजक्या खुणा ठरलेल्या असत आणि दोर धरणारा मदतनीस बोटांच्या संवेदनेने ती भाषा वाचत असे. अधिक काही सांगायचे झाल्यास पाटी खाली सोडावी लागे. श्वासाच्या नळीखेरीज वेगळी बोलनळी जोडण्याचेही प्रयत्न झाले, परंतु ओढ्यात सापडलेल्या माणसाच्या हाकेसारखा तो आवाज पुरता पोहोचत नसे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १८७६ साली टेलिफोनचे एकाधिकारपत्र मिळवल्यानंतर शिरस्त्राणात टेलिफोन बसवण्याची कल्पना अवघ्या काही दशकांत रूढ झाली. जीवनदोराच्या पोटातच तार गुंफलेली असे. बोलण्याच्या बाजूस कोळशाच्या कणांची डबी असे. तिच्या पातळ पडद्यावर आवाजाची लहर आदळली की कण दबत किंवा सैल होत आणि त्यांतून जाणारा विजेचा प्रवाह त्याच बेताने कमीजास्त होई, तो वरच्या यंत्रात पुन्हा आवाज बनून उमटे.

तरीही शिरस्त्राणातला टेलिफोन सुखाचा नव्हता. आत येणाऱ्या हवेचा सुसाट फुत्कार सारखा चालू असल्याने वरचे बोलणे ऐकण्यासाठी पाणबुड्याला क्षणभर हवेची झडप बंद करावी लागे, आणि ती फार वेळ बंद ठेवणे अर्थातच परवडणारे नव्हते. दाबाची दाट हवा आवाजाचा पोतही बदलते, बोलणे नाकातून आल्यासारखे होते. पुरेशा खोलीवर तर माणसाला शीळही घालता येत नाही. एवढे असूनही उथळ पाण्यात टेलिफोन ही सोय मानली जात होती, गरज नव्हे. लॉरेंटिकच्या पाणबुड्याचा टेलिफोन बंद पडला असता तर त्याचे हात थांबले नसते. ‘ईजिप्त’वर हा संबंध उलटा झाला.

बुडालेले जहाज शोधून काढण्यातच आठ वर्षे गेली. स्वीडिश वंशाचे अभियंता सँडबर्ग आणि इंग्रज अभियंता व शास्त्रज्ञ जेम्स स्विनबर्न यांनी विमेकऱ्यांशी करार करून हे काम पत्करले. पहिल्यांदा गोथेनबर्गच्या एका कंपनीने, मग फ्रेंचांनी समुद्र धुंडाळला, पण जहाजाने बुडताना पाठवलेला बिनतारी संदेश, किनाऱ्यावरच्या केंद्रांनी टिपलेल्या दिशा आणि ‘सेन’च्या नोंदी एकमेकींशी जुळत नव्हत्या. अखेरीस १९२८ साली हे काम जेनोआच्या सोरिमा या इटालियन कंपनीकडे आले. तिचा प्रमुख जोव्हानी क्वालिया हा धाडसी व्यापारी होता आणि मुख्य पाणबुडा अल्बेर्तो जियान्नी हा तस्कनीच्या किनाऱ्यावरील वियारेज्जो गावचा, हातचे कसब आणि यंत्रबुद्धी दोन्ही असलेला माणूस होता. ‘आर्तिल्यो’ हे त्यांचे मुख्य जहाज मासेमारीच्या एका जुन्या बोटीतून तयार केलेले होते. दोन बोटींमध्ये लांबलचक पोलादी दोर ताणून तो तळावरून खरवडत नेणे, अडकला की नांगर टाकून पाणबुडा उतरवणे, आणि बहुधा खडक किंवा दुसरेच एखादे जुने जहाज सापडणे, असा हा क्रम १९२९ आणि १९३०च्या उन्हाळ्यांत चालला. कंटाळून या मंडळींनी एका कॅपुचिन संन्याशालाही बोटीवर आणले होते, जो हातातल्या फांदीच्या हालचालीवरून सोने कोठे आहे ते सांगत असे. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यासारख्या कोरड्या तालुक्यात विहिरीची जागा ठरवण्यासाठी आजही पाणाड्याला बोलावतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे पाण्याखालचे सोने शोधायचे होते, आणि त्याने दाखवलेल्या जागी काही निघाले नाही.

ऑगस्ट १९३०च्या अखेरीस दोर एका मोठ्या वस्तूत अडकला आणि खाली उतरलेल्या पाणबुड्याने टेलिफोनवरून जहाज असल्याचे कळवले. पुढे कप्तानाची तिजोरी वर काढल्यावर ते ‘ईजिप्त’च आहे याविषयी शंका उरली नाही.

या शोधात आधी जर्मनीतील कील येथील कारखान्याने बनवलेला सांध्यांचा लोखंडी पोशाख वापरला होता, ज्यात लोखंडी हातांच्या टोकांना चिमटे होते. आतली हवा साध्या वातावरणाच्या दाबाचीच राहावी आणि पाण्याचा भार लोखंडाने सोसावा, असे त्यामागचे तत्त्व होते, त्यामुळे नायट्रोजनची गुंगीही नव्हती आणि वर येताना थांबण्याचे बंधनही नव्हते. परंतु एवढ्या खोलीवर सांधे दाबाने आवळत आणि ते चिमटे फारशा कामाचे राहत नसत. जियान्नीने यातून सरळ निष्कर्ष काढला की, हात निकामीच होणार असतील तर हात ठेवायचेच कशाला. त्याने एक निरीक्षण-टोपी, म्हणजे माणूस उभा राहू शकेल एवढाच पोलादी दंडगोल, तयार करवला. त्याच्या माथ्याजवळ सर्व बाजूंनी जाड काचेच्या छोट्या खिडक्या होत्या. आत प्राणवायूचे नळकांडे, श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारे रसायन, संकटसमयी सोडून देता येईल असे वजन आणि टेलिफोन, एवढाच सरंजाम होता. आतली हवा साधीच असल्याने आवाज नैसर्गिक राही आणि फुत्काराचा त्रास नसे. शिरस्त्राणातल्या टेलिफोनचे जे दोन मोठे दोष, ते या टोपीत आपोआप नाहीसे झाले. हा फायदा जियान्नीने आधीच हेरला होता की कामातून उमगला, हे ठरवण्याचे फारसे कारण नाही, कारण दोन्ही रीतींनी परिणाम तोच होता.

प्रत्यक्ष काम कसे चाले, हे पाहिल्याशिवाय या टेलिफोनचे महत्त्व पटणार नाही. ‘आर्तिल्यो’ भोवती नांगरून ठेवलेल्या बोयांना दोरांनी बांधून बुडालेल्या जहाजाच्या नेमके वर आणून ठेवले जाई. टोपी एका यारीने, म्हणजे वजन उचलणाऱ्या आडव्या भुजेने, खाली सोडली जाई आणि तुटक्या डेकच्या काही मीटर वर लोंबत राही. दुसऱ्या यारीवरून पोलादी नखांचा प्रचंड पंजा खाली येई. वरच्या विंचवाल्याला, म्हणजे दोर गुंडाळणारे यंत्र चालवणाऱ्या माणसाला, सव्वाशे मीटर खाली काय आहे ते दिसत नसे. टोपीतल्या माणसाला दिसे, पण काही हलवता येत नसे. दोघांच्या मध्ये डेकवर कानाला यंत्र लावून उभा असलेला एक माणूस असे, जो खालून आलेला शब्द मोठ्याने उच्चारी आणि विंचवाला त्या शब्दावर पंजा हात-दीड हात सरकवी. भरीला भर म्हणजे अटलांटिकची लाट वरचे जहाज उचलून खाली आपटत राही, त्यामुळे टोपी आणि पंजा दोन्ही हेलकावे खात. पंजा योग्य जागेवर असतानाच्या त्या क्षणभरात सोडण्याचा हुकूम द्यावा लागे, आणि तो तारेतून वर पोहोचून विंच फिरेपर्यंत लाट निघून गेलेली असे. म्हणून टोपीतल्या माणसाने येणारी लाट अंगाच्या डोलण्यावरून ओळखून हुकूम थोडा आधीच द्यायचा, ही कला शिकावी लागली. प्रत्येक घासानंतर गाळाचा ढग उठे, खिडकीबाहेर काही दिसेनासे होई आणि माणूस वाट पाहत मुकाट बसे. लांबलचक वाक्याला येथे जागा नव्हती. वर, खाली, उत्तरेला, थांब, सोड, मिट, एवढ्या शब्दांवर लाखो पौंडांचा व्यवहार चालला होता.

टेलिफोनने ही पद्धत शक्य केली, पण तिचा वेग समुद्राच्या लहरीवरच अवलंबून राहिला. खजिन्याची कोठडी चार मजल्यांच्या खाली होती. प्रत्येक मजल्यावर पाणबुड्याच्या सांगण्यानुसार सुरुंगाच्या नळ्या नेमक्या जागी सोडून स्फोट करायचा आणि मग पंजाने पत्रे, तुळया, खाटा उपसायच्या, असे काम होते. १९३०च्या शरद ऋतूत वादळांमुळे ते थांबवावे लागले.

त्या हिवाळ्यात मंडळींनी एक किरकोळ वाटणारे काम घेतले. फ्रान्सच्या किबेरों उपसागरात ‘फ्लॉरेन्स एच.’ हे दारूगोळ्याने भरलेले अमेरिकन जहाज १९१८ साली बुडालेले होते आणि त्याचे अवशेष इतर जहाजांच्या वाटेत येत होते. बारा वर्षे पाण्यात राहिलेला दारूगोळा निकामी झाला असेल असा समज झाला. ७ डिसेंबर १९३० रोजी सुरुंग लावला तेव्हा खालचा सारा साठा उडाला आणि पुरेशा अंतरावर नसलेले ‘आर्तिल्यो’ बुडाले. त्यात जियान्नी, फ्रान्चेस्की आणि बार्जेल्लिनी हे तिन्ही कसलेले पाणबुडे इतर अनेक सोबत्यांसह मरण पावले. ज्यांनी सत्तर वावांवरचा अजस्र धोका सोसला, ते उथळ पाण्यातल्या कामात गेले. धोक्याची सवय झाली की माणूस साध्या अंतराचा हिशेब विसरतो, असे कोणी म्हणेल, पण येथे घात सवयीपेक्षा दारूगोळ्याविषयीच्या चुकीच्या गृहीतकाने झाला.

क्वालियाने माघार घेतली नाही. दुसरी बोट घेऊन, तिलाही ‘आर्तिल्यो’ हेच नाव देऊन आणि वियारेज्जोच्याच नव्या पाणबुड्यांना टोपीत बसवून त्याने १९३१च्या उन्हाळ्यात काम पुन्हा सुरू केले. लंडनच्या ‘द टाइम्स’चा बातमीदार डेव्हिड स्कॉट बोटीवरच राहून वृत्तांत पाठवत होता आणि त्याच्या ‘सेव्हन्टी फॅदम्स डीप’ या पुस्तकामुळे ही हकिकत जगभर पोहोचली. तो हंगाम मजले फोडण्यातच संपला. १९३२च्या जूनमध्ये पंजाने वर आणलेल्या चिखलात प्रथम कागद दिसले आणि ते निजामाच्या नोटांचे निघाले. २२ जून १९३२ रोजी त्याच पंजातून सोने डेकवर आले. तेव्हापासून पुढच्या काही हंगामांत बहुतेक सारे सोने व चांदी हाती आली. एका मोठ्या जहाजाच्या पोटातून एवढ्या खोलीवरून खजिना उपसण्याचे हे पहिलेच उदाहरण होते.

सोने वर आले त्या वेळी ते ज्या बाजाराकडे निघाले होते त्या बाजाराचे चित्र पालटलेले होते, ही गोष्ट इटालियन आणि इंग्रज लेखकांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. १९२२ मध्ये सोने मुंबईला येत होते. १९३२ मध्ये ते मुंबईहून बाहेर जात होते. ब्रिटनने २१ सप्टेंबर १९३१ रोजी सुवर्णमान सोडला, पौंडाशी जखडलेल्या रुपयाच्या हिशेबाने सोन्याचा भाव चढला, आणि त्याच काळात जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळलेले होते. सारा आणि सावकाराचे व्याज रोखीतच द्यायचे, ज्वारीला गिऱ्हाईक नाही, अशा कात्रीत सापडलेल्या शेतकऱ्यांनी देशभर घरातले डाग मोडीला काढले. अवर्षणाचा शाप असलेल्या सांगोल्यासारख्या मुलखात चार-दोन तोळे सोने ही दागिन्याइतकीच दुष्काळातली शिल्लक असे, आणि अशा शिल्लकीतले बरेच सोने सराफांकडून मुंबईला व तेथून जहाजांनी लंडनला गेले. इंग्रजीत या लोटाला हलाखीचे सोने म्हटले गेले. एकीकडे इटालियन पाणबुडे मुंबईचे सोने मोठ्या कष्टाने वर काढत होते आणि दुसरीकडे मुंबई आपले सोने त्याच मार्गाने परत पाठवत होती, हा योगायोग अर्थशास्त्राच्या पुस्तकात नाट्य शोधणाऱ्यांनी नोंदवण्यासारखा आहे.

‘ईजिप्त’ची पद्धत पुढे तशीच राहिली नाही. नायट्रोजनऐवजी हेलियम वायू प्राणवायूत मिसळला तर गुंगी टळते, हे ध्यानात आल्यावर माणसाला पुन्हा दाबात उतरवणे शक्य झाले. १९३९ मध्ये बुडालेल्या ‘स्क्वॉलस’ या अमेरिकन पाणबुडीच्या उद्धारात अमेरिकन नौदलाने या मिश्रणाचा उपयोग केला. हात मोकळे झाले, पण आवाज बिघडला. हेलियममध्ये ध्वनीचा वेग हवेच्या जवळजवळ तिप्पट असल्याने घशातील व तोंडातील पोकळ्यांचे स्वरघटक वर सरकतात आणि बोलणे बदकाच्या कलकलाटासारखे तीक्ष्ण व अस्पष्ट होते. म्हणून वरच्या टेलिफोनला आवाज पुन्हा सुबोध करणारे विद्युत-यंत्र जोडावे लागले.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या सगळ्याची गरज १९७४ नंतर भासली, जेव्हा ‘सागर सम्राट’ या खोदाई मंचाला मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात तेल लागले आणि १९७६ मध्ये ‘बॉम्बे हाय’मधून उत्पादन सुरू झाले. तेथील पाणी ७५ मीटरच्या आसपास खोल आहे. तळावरच्या नळवाहिन्यांची तपासणी व जोडणी करणारे पाणबुडे कित्येक दिवस दाबाच्या कोठडीतच राहतात, हेलियममिश्रित वायू श्वासतात आणि घंटेसारख्या डब्यातून कामावर उतरतात. त्यांचे बोलणे आणि श्वास त्यांच्याबरोबर जाणाऱ्या एकाच नळीगुच्छातून येतो-जातो. तारेविना बोलण्याची यंत्रेही आता आहेत. त्यांत आवाज माणसाच्या कानाच्या पल्ल्याबाहेरच्या, साधारण तीस हजार कंपनांच्या ध्वनिलहरीवर बसवून थेट पाण्यात सोडला जातो आणि दुसऱ्याच्या मुखवट्यातले यंत्र तो उलगडून ऐकवते. परंतु थंड व उबदार पाण्याच्या थरांवर अशी लहर वाकते, जहाजाच्या सांगाड्यावर आपटून प्रतिध्वनी होते, आणि श्वासाच्या बुडबुड्यांनी अडखळते. म्हणून तारकर्लीसारख्या ठिकाणी हौशी पाणबुडे बोटांच्या खुणांवर भागवतात, आणि जेथे एका चुकीच्या शब्दाने यारीखाली माणूस सापडू शकतो, त्या तेलक्षेत्रातल्या कामांसाठी अजूनही तारच पत्करली जाते.